वहीतलं माप

खोकं आलं तेव्हा शिवणबाईने ते आधी टेपने मोजलं. चौदा इंच लांब, दहा रुंद, तेरा उंच. मग कुरियरवाल्याच्या कागदावर सही केली आणि दार लावून घेतलं. तीस वर्षं लोकांचे खांदे आणि कंबरा मोजून हाताला खोडच लागली होती, समोर काही आलं की टेप गळ्यातून खाली उतरायची. आत काय आहे ते तिला आधीच ठाऊक होतं. मुलाने फोनवर सांगितलं होतं, घरच्या घरी ब्रेड करायचं यंत्र पाठवतोय म्हणून.

या यंत्रामागे वरच्या मजल्यावरच्या बाईचा हात होता. गल्लीत तिला सगळे ताजी खबर म्हणत, आणि तिला ते माहीत होतं, आवडतही होतं. ताजी खबरने मुलाला फोन करून कळवलं होतं की तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातून आठ महिन्यांत भांड्याचा आवाज आलेला नाही, आणि कचऱ्याच्या डब्यात बिस्किटांच्या पुड्यांचे कागद सोडून काही नसतं. दुसऱ्याच्या डब्यात कशाला डोकवावं माणसाने? पण बातमी खोटी नव्हती. नवरा गेल्यापासून शिवणबाई चहा आणि बिस्किटांवर दिवस ढकलत होती. एका माणसासाठी कुकर लावायचा, एका माणसासाठी कांदा चिरायचा आणि उरलेला अर्धा कांदा फ्रीजमध्ये वाळताना बघायचा, हे तिच्याच्याने होत नव्हतं.

मुलाने आडपडदा ठेवला नाही. थोडे दिवस बघतो, म्हणाला. तू स्वतःपुरतं करून नीट खातेयस असं दिसलं तर राहा तिथे, नाहीतर मी येऊन घेऊन जाणार. खोली रिकामीच आहे.

तिला जायचं नव्हतं. सून वाईट असती तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं, पण सून चांगली होती, हीच तर पंचाईत. तिथे आपल्याला कुणी काही बोलणार नाही, सगळे अदबीने वागतील, चहाचा कप हातात आणून देतील, आणि आपण पाहुणीसारख्या सोफ्याच्या कडेला बसून राहू, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. इथे खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन होतं. दाराशी नवऱ्याचे काळे बूट होते, ज्यांवर ती दर रविवारी अजून फडकं फिरवायची. त्याच्या ड्रायव्हरकीच्या खाकी शर्टाची एक बाही उसवलेली होती आणि ती शिवायची राहिली होती. हे सगळं सोडून जाणं तिला मरणाइतकंच नको वाटत होतं. म्हणून या यंत्राशी जमवून घेणं भाग होतं.

यंत्रासोबत एक पुस्तिका होती, मुंगीएवढ्या अक्षरांची. शिवणबाईने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि आपली मापाची वही उघडली. तिच्या धंद्यात एक नियम होता, तो तिने कधी मोडला नव्हता. गिऱ्हाईक तोंडाने काय सांगतं त्यावर कात्री चालवायची नाही, कागदाच्या चिटोऱ्यावर तर नाहीच. माप आधी वहीत उतरवायचं, आणि एकदा उतरलं की वही म्हणेल ते खरं. त्या वहीत अर्ध्या गल्लीची मापं होती. नवऱ्याचंही एक पान होतं, तारखा घालून एकाखाली एक लिहिलेलं, आणि त्यावरची कंबर शेवटच्या दोन वर्षांत सव्वातीन इंच उतरलेली. ते पान तिने न बघता उलटलं. कोऱ्या पानावर वरती 'ब्रेड' असं नाव घातलं, नवं गिऱ्हाईक आल्यासारखं, आणि साहित्याची यादी उतरवून घेतली. पुस्तिकेत आठ ओळी होत्या. वहीत सात उतरल्या.

मग ती पिशवी घेऊन दुकानात गेली. मैद्याचे तीन प्रकार मांडून ठेवलेले होते. दुकानदार म्हणाला, मैदा म्हणजे मैदा, कुठलाही न्या. शिवणबाईला असलं बोलणं अजिबात खपत नसे. कापड म्हणजे कापड असं तिला कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला उभ्याउभ्या दाराबाहेर काढलं असतं. तिने तिन्ही पिठं दोन बोटांत चोळून पाहिली. पहिलं मलमलीसारखं, हातात आहे की नाही कळू नये असं. दुसरं जरा बरं. तिसऱ्याला अंग होतं, मांजरपाटासारखं, ताण दिला तर सोसेल असं. पुस्तिकेत लिहिलंच होतं, केकचा मऊ मैदा नको, ब्रेडसाठीचा जोरकस मैदा घ्या. तिने तिसरा घेतला, थोडी कणीक घेतली, दुधाची पावडर घेतली. यीस्टच्या बाबतीत तिने दुकानदाराला अर्धा तास उभा केला. एक ओली वडी होती, एक जाड दाणे होते जे आधी कोमट पाण्यात भिजवायचे, आणि एक बारीक भुकटी होती जी थेट पिठावर घालायची. भुकटी घेतली, तारीख बघून. दुकानदाराने मनातल्या मनात हात जोडले असणार.

पहिला ब्रेड शनिवारी लावला. वहीत लिहिल्याप्रमाणे आधी भांड्याच्या तळाला पातं बसवलं. मग कोमट पाणी, त्यात तेल, साखर, दुधाची पावडर. त्यावर मैदा आणि कणीक, पाण्यावर पांघरूण घातल्यासारखं. शेवटी पिठात बोटाने खळगा करून त्यात यीस्ट, पाण्याला न लागेल असं. झाकण लावलं, बटण दाबलं. यंत्र आधी थोडं कण्हलं, मग पीठ मळायला लागलं.

घरात दुसरं कुणीतरी काम करतंय असा आवाज तिने आठ महिन्यांत ऐकला नव्हता. ती खुर्ची ओढून ओट्यापाशी बसली. शिलाई मशीनकडे जाऊन एखादी बटणपट्टी उरकता आली असती, पण तिला उठवेना. पाऊण तासाने यंत्राने पीं पीं केलं, सुका मेवा घालायचा असेल तर आता घाला म्हणून. ती तेव्हा पाणी प्यायला बाहेरच्या खोलीत गेली होती.

"आले हो," ती म्हणाली.

आणि तशीच उभी राहिली. हा सूर यंत्रासाठीचा नव्हता. नवरा आतल्या खोलीतून हाक मारायचा तेव्हाचा होता. तिने तांब्या खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावून घेतला, ऐकायला कुणी नसताना.

झाकणाला काचेची खिडकी होती. दोन तासांनी पीठ असं काही फुगलं की ती हरखली. आणखी थोड्या वेळाने ते काचेला टेकायला आलं. आणि मग, भाजायला सुरुवात होते न होते तोच, मधोमध खाली बसलं. ब्रेड बाहेर काढला तेव्हा त्याच्या कडा उभ्या होत्या आणि मध्ये खड्डा होता, उशीवरून कुणीतरी नुकतंच डोकं उचलून उठून गेल्यासारखा. तिने टेप लावली. कडेला चार इंच, मध्ये अडीच. वहीत तसं लिहिलं. एक काप खाल्ला, तिला चवीत काही खोट वाटली नाही. फक्त रूप गेलं होतं.

रविवारी मुलाचा फोन आला. ब्रेड कसा झाला, त्याने विचारलं. छान झाला, ती म्हणाली. आयुष्यात शिवणबाईने गिऱ्हाइकांना एकच खोटं सांगितलं होतं, 'उद्या देते', आणि तेवढं खोटं तर सगळ्याच शिंप्यांना माफ असतं. हे दुसरं. मुलगा खूष झाला. म्हणाला, मग येत्या शनिवारी येतोच, तुझ्या हातचा ब्रेड खायला. आणि आवाज जरा उतरवून म्हणाला, मग बसून बोलूही पुढचं. पुढचं म्हणजे काय, हे तिला कळलं. एका ब्रेडवर त्याची खात्री पटली नव्हती.

मंगळवारी तिने पाणी दोन चमचे कमी केलं. ब्रेड फुगला आणि बसला. गुरुवारी नवा मैदा आणला, यीस्टचं नवं पाकीट फोडलं, तेही पाव चमचा कमी घातलं. प्रत्येक वेळी वही समोर ठेवून एकेक जिन्नस बोट ठेवून ताडून पाहिला. बाकी सगळं वहीबरहुकूम. आणि तरी गुरुवारी दुपारी तो तिसरा ब्रेड पुन्हा खड्डा घेऊन बाहेर आला. कडेला चार, मध्ये पावणेतीन. पाव इंचाने काय होणार होतं? पालथ्या घड्यावर पाणी. तिने तो ब्रेड स्वच्छ फडक्यात गुंडाळला, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली.

वीस वर्षं ती त्या बेकरीवरून जात-येत होती, पण अलीकडच्या बऱ्याच वर्षांत तिने तिथून काही घेतलं नव्हतं. भट्टीवाला जाडजूड माणूस होता, भुवयांवर कायम पीठ. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिने फडकं सोडून ब्रेड काउंटरवर ठेवला आणि आपलं नाही, कुणा दुसऱ्याचंच काहीतरी दाखवायला आणल्यासारखी बाजूला बघत उभी राहिली. भट्टीवाल्याने खड्ड्याकडे पाहिलं, कापून आतली जाळी पाहिली, बोटाने दाबलं. मग एक तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला.

"बाई, यात मीठ?"

"मीठ नाही घातलं."

"विसरलात होय."

"विसरले नाही," ती म्हणाली. "आमच्या घरात मीठ नसतंच. ह्यांना चालत नाही."

आणि हे अगदी खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याच्या छातीला नळी लावून सांगितलं होतं, मीठ कमी करा. कमी करा म्हणाले होते, हिने बंद केलं. अर्धवट काम हिला जमायचंच नाही. जे तुम्हाला नाही ते या घरात कुणालाच नाही, असं म्हणून तिने मिठाची बरणी त्याच्या देखत रिकामी केली होती. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा, तो मित्रांकडे जेवून यायला लागला. हिने मात्र अकरा वर्षं अळणी खाल्लं. कुठल्याही कृतीत मिठाची ओळ आली की हिची नजर ती ओलांडून पुढे जायची, वाटेतला खड्डा ओलांडावा तशी, आणि ओलांडला हे तिला कळतही नसे. पुस्तिकेतली आठवी ओळ अशीच राहिली होती. आणि जे वहीत नाही ते शिवणबाईच्या लेखी जगात नाही.

भट्टीवाल्याने हात पुसले. सांगायला लागला की मीठ नुसतं चवीला नसतं, यीस्टला लगाम त्याचाच. लगाम नसला की यीस्ट उधळतं, पीठ भराभरा फुगतं, आणि भट्टी तापायच्या आत दमून खाली बसतं. पाणी बदला नाहीतर पीठ बदला, मिठाशिवाय हे असंच होणार.

"त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी करत जा," तो म्हणाला. "ब्रेडमध्ये घाला मीठ. वय काय त्यांचं?"

अडुसष्ट, असं सांगायला तिने तोंड उघडलं.

"ते गेले," ती म्हणाली. "आठ महिने झाले."

हे वाक्य आठ महिन्यांत पुष्कळांनी पुष्कळदा उच्चारलं होतं. डॉक्टरांनी, मुलाने, पेन्शनच्या कचेरीतल्या कारकुनाने, ताजी खबरने तर गल्लीभर. शिवणबाईने प्रत्येक वेळी मान हलवली होती. स्वतःच्या तोंडाने तिने ते आज पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही एका बेकरीत, बसक्या ब्रेडसमोर. तिचं तिलाच ते परक्या बाईने सांगितल्यासारखं ऐकू आलं.

भट्टीवाला काही वेळ काउंटर पुसत राहिला. मग त्याने ब्रेड पुन्हा तिच्या फडक्यात बांधून दिला.

"दीड चमचा," तो हळू म्हणाला. "सपाट चमचा. शीग नको."

शेजारच्या दुकानात तिने मीठ मागितलं. अगदी लहान पुडी द्या म्हणाली. लहान नाही, दुकानदार म्हणाला, एक किलोच येतं. मीठ कुणी पुडीने नेतं का? तो किलोचा पुडा घेऊन ती घरी आली आणि तो ओट्यावर ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली. एवढं मीठ एकटीने संपवायचं म्हणजे किती काळ जगावं लागेल, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला भीती वाटली.

घरात मिठाला बरणी नव्हती. शेवटी तिने बटणांची बरणी रिकामी केली, पुसली, आणि पुडा तिच्यात ओतला. कोरड्या जागी म्हणून ती कोपऱ्यातल्या फळीवर ठेवली, जिथे नवऱ्याच्या गोळ्यांचा डबा असायचा.

शुक्रवारी सकाळी तिने भांड्यात पाणी ओतलं, तेल घातलं, मिठाचा चमचा भरला. पण हात पुढे जाईना. अकरा वर्षं आपण याच हाताने त्या माणसाला जपलं. भाजी कितीही पाणचट झाली तरी तो कधी तक्रार करायचा नाही, एवढंच म्हणायचा, तू पण माझ्यापायी. खाल्ल्या मिठाला लोक जागतात, ती न खाल्लेल्या मिठाला जागत होती. आता हे दीड चमचे घातले की घर त्याच्यापुरतं बंद झालं, असं तिला वाटलं. तिने चमचा बरणीत उलटा केला आणि भांडं सिंकमध्ये ओतून टाकलं. त्या दिवशी ती पुन्हा बिस्किटांवरच राहिली.

शनिवारी सकाळी आठला मुलाचा फोन आला. बस सुटली, दोनपर्यंत पोचतो म्हणाला. रिकामी मोठी बॅग घेतलीय, असंही म्हणाला, सहज सांगितल्यासारखं. ती बॅग कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

शिवणबाईने मापाची वही उघडली. गिऱ्हाइकाचं अंग बदललं तरी ती जुनं माप खोडायची नाही. माणूस तेव्हा तसा होता, ते काही खोटं नव्हतं. खाली तारीख घालून नवं लिहायचं, एवढंच. ब्रेडच्या पानावर तिने आजची तारीख घातली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा उतरवलं, पुस्तिकेच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. आठच्या आठ. मग ओट्यापाशी आली, पाणी आणि तेल ओतलं, चमचा भरून बोटाने सपाट केला.

"अहो, घालते हं," ती म्हणाली, आणि घातलं.

साडेतीन तास ती खुर्चीवरून हलली नाही. पीठ या खेपेला सावकाश वर आलं, एवढं सावकाश की तिला वाटलं हेही बिघडलं. काचेपर्यंत ते पोचलंच नाही. नेहमी खाली बसायची वेळ आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि भाजल्याचा वास येईपर्यंत उघडले नाहीत. ब्रेड उभा होता. वरून गोल, तांबूस, कुठे खळगा नाही. टेपने साडेपाच इंच. वहीत लिहिताना आकडा जरा वाकडा आला.

थोडा निवल्यावर तिने एक काप कापला आणि उभ्यानेच खाल्ला. पहिल्या घासाला जीभ चरकली. मग गालांच्या आतून पाणी सुटलं, आणि अकरा वर्षांत विसरलेली चव तोंडभर झाली. तिला तो ब्रेड फार आवडला. आवडला याचंच तिला रडू कोसळलं. रडत रडत तिने दुसरा काप खाल्ला आणि मग तिसरा, कारण भूक लागली होती. आठ महिन्यांची.

मुलगा दोनला आला. बॅग त्याने दाराशी बुटांच्या शेजारी ठेवली. हात धुऊन टेबलापाशी बसला, आणि कापून ठेवलेला ब्रेड बघून आधी त्याला बरं वाटलं. एक घास घेतला. मग तो चावायचा थांबला, थेट भट्टीवाल्यासारखा. त्याची नजर फळीवर गेली. गोळ्यांच्या डब्याच्या जागी बटणांची बरणी होती आणि तिच्यात पांढरं काहीतरी भरलेलं होतं.

"आई, मीठ आणलंस?"

"जास्त झालंय का रे? मला आता अंदाज नाही राहिला."

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

दवाखान्याची बिलं, कागदपत्रं, सह्या, आठ महिने सगळं त्याने धीराने निभावलं होतं. आता हातातला काप ताटलीत ठेवून तो लहान मुलासारखा रडला. बाबा गेले, ती बरणी बघून त्याला आता कळलं होतं. शिवणबाई उठून त्याच्या मागे उभी राहिली आणि तिने त्याच्या खांद्यांवर हात ठेवले. खांदे बापाच्याच मापाचे होते, साडेसतरा.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले, काप संपवला, आणखी एक घेतला. मग त्याने बोलायला आणलेलं बोलायला सुरुवात केली. खोली तयार आहे, पडदे लावलेत, तुझं मशीन ठेवायलाही खिडकीपाशी जागा केलीय.

"पुडा एक किलोचा आहे," शिवणबाई म्हणाली.

"कसला?"

"मिठाचा. लहान मिळत नाही." तिने त्याच्या ताटलीत आणखी एक काप ठेवला. "ब्रेडला दीड चमचा लागतो. तेवढा पुडा संपू दे. मग बघू."

एका माणसाला एक किलो मीठ किती दिवस पुरतं, याचा मुलाने मनात हिशोब करून पाहिला, पण त्याला तो जमला नाही. तिलाही येत नव्हता. त्याने फक्त मान हलवली, आणि संध्याकाळी निघताना त्या रिकाम्या मोठ्या बॅगेत अर्धा ब्रेड घालून घेऊन गेला.